चौकट एकतीस

ऑक्टोबर सरत आलाय. फेरलोत
पाऊस येऊन गेल्याच्या खुणा मोजायचे हे दिवस.
आम्ही लोखंडी चौकट टाकतो,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
गेल्या वर्षी टाकली होती तिथंच.
खुणेचा दगड कुणीतरी चुलीला नेलाय,
म्हणून हमादी हातातलं यंत्र उंच धरतो
आणि आकाशाला आमची जागा विचारतो.

मग मी गुडघ्यांवर.
कुसळी गवत : सत्तेचाळीस.
रुईची रोपं : दोन.
शेळीच्या लेंड्या : पुष्कळ.
पुष्कळ चालत नाही, आकडा लिहावा, अशी तक्त्यात सूचना आहे.
लिहिला : नव्वद.
उघडी जमीन :
ती मोजायची वेगळी रीत नाही,
बाकी सगळं मोजून झालं
की उरते.

डाकारहून आलेल्या नकाशावर
हा पट्टा हिरवा आहे, दहा वर्षं वाढत गेलेला हिरवा.
नकाशा खोटं बोलत नाही.
रुई वाढलीय खरीच, आधी गुडघाभर, मग छातीभर,
आणि इतक्या उंचावरून पाहणाऱ्याला
पान म्हणजे पान.
गाई तिच्या अंगावरून जातात
नि मानसुद्धा वळवत नाहीत.

"सापडलं का?"
टाक्को बा दरवर्षी हेच विचारते.
तिचं कुंपण चौकटीपासून दोनशे पावलांवर.
तिला वाटतं, आमचं काहीतरी इथं पडलंय,
अंगठी, किल्ली, असलंच काही,
नाहीतर शहरातली शिकलेली माणसं
वर्षातून एकदा येऊन
त्याच मातीत का चाचपडतील?

मी यादीतला चौदावा क्रमांक दाखवला.
उंच गवत, पुरुषभर. याच्या चटया व्हायच्या, कुडं व्हायची,
असं जुन्या नोंदीत लिहिलंय.
सहा वर्षं झाली, चौदासमोर मी शून्य लिहितोय.
तिनं त्याचं नाव घेतलं,
निम्मं वाऱ्यानं नेलं,
उरलेल्या निम्म्याला तक्त्यात रकाना नव्हता.
"आता औषधालाही मिळायचं नाही," ती म्हणाली,
आणि थांबली,
आणि वाकून झोपडीत गेली.

बाहेर आली ती केरसुणी घेऊन.
झिजून झिजून बुडखा राहिलेला,
कातडी वादीनं करकचून बांधलेला.
लग्नात सासूनं दिलेली. तेव्हा हे गवत
कापायला बसलं की म्हशीएवढा भारा व्हायचा, नाही,
म्हशी तिनं पाहिल्या नाहीत;
ती म्हणाली, गाढव दिसेनासं होईल एवढा भारा.
हमादीनं काड्या मोजल्या. मी पुन्हा मोजल्या.
अकरा.

एक द्याल का, मी विचारलं,
कागदात दाबून ठेवू, वर तारीख घालू.
"आणि अंगण मी कशानं झाडू?
तुमच्या कागदानं?"

याला उत्तर नव्हतं. मी तक्ता भरला.
क्रमांक चौदा. शेवटचं कधी दिसलं : आज.
कुठं : टाक्को बा हिच्या उजव्या हातात.
उंची : वीतभर.
संख्या : अकरा.
हमादी वाचून हसला नाही.

निघालो तेव्हा ती अंगणातली
आमच्या बुटांची पावलं झाडत होती,
सावकाश, मागे सरकत,
धुळीवर बारीक समांतर रेघा उठत होत्या.
कट्, असा आवाज झाला.
तिनं वाकून उचललं, पाहिलं,
आणि हात माझ्यापुढे केला.
"घ्या. आता ही तुमची."

मी अकरावर रेघ मारली
नि शेजारी दहा लिहिलं.
खोडाखोड करू नये,
अशी तळाशी सूचना आहे.